सत्तावीस पिवळ्या चुण्या

मंगळवार, १२ जून १९६२

आजही गेला. हा सहावा मंगळवार. तोंड वर करून सांगतो काय, तर मर्डिनाच्या छपरावरची स्लेटची कौलं सरकलीत. एका छपराला कौलं असतात तरी किती? आमच्या गोठ्याचं छप्पर तीन वर्षं गळतंय. खाली बादली ठेवली, ती बादलीसुद्धा गंजून गळायला लागली, पण तिथे चढायचं म्हटलं की माझ्या नवऱ्याच्या गुडघ्यात कळ येते. विधवेच्या छपराला मात्र गुडघे बरे. आणि छपरावर चढणारा माणूस दाढी करून जातो का? गळ्याला कॉलर लावून जातो? विचारलं तर म्हणाला, "वारा आहे, गळा झाकलेला बरा." जून महिन्यात!

शेजारच्या फेमीच्या खिडकीतून मर्डिनाचं दार दिसतं, आणि फेमीला दुसरा उद्योग नाही. ती म्हणाली, "अगं किर्स्टी, शिडी तर तुमच्याच गोठ्याला टेकलेली आहे. तो काय उडत चढतो?"

मी वळून बघितलं. होती खरी. आमच्याच गोठ्याला.

हे मी त्याच्याशी बोलणार नाही. बोलायला लागले की ओरडेन, ओरडले की तो गप्प बसेल, आणि तो एकदा गप्प बसला की महिनाभर बसतो. म्हणून ही वही. फेमीच्या नातीची आहे, पहिल्या चार पानांवर बेरजा आहेत. मी चौदाव्या वर्षी शाळा सोडून हेरिंग मासे कापायला गेले, त्यामुळे माझं अक्षर माशाच्या काट्यांसारखं येतं. येऊ दे. वाचणारी मीच.

गुरुवार, १४ जून

मर्डिना म्हणजे टॉर्क्विल मॅक्लाउडची मुलगी. टॉर्क्विल टेकडीवरच्या मोठ्या शेताचा मालक, चर्चचा पंच. मेला त्याला वीस वर्षं झाली तरी गाव अजून त्याच्या नावाने टोपी काढतं. मर्डिना लग्न होऊन कॅनडाला गेली, तिथे नवरा मेला, ईस्टरला परत आली आणि बापाच्या शेतावरच्या धाकट्या घरात राहिली. मोठ्या घरात तिचा भाऊ रॉडी. रॉडीही पंच, शिवाय गावच्या खेळांच्या दिवसाचा मानकरी. दर ऑगस्टात मंचावर छाती काढून उभा राहतो आणि सलामी घेतो, जणू ते मैदान त्याच्या आजीने विणलंय.

आणि हा रॉडी गुरांच्या बाजाराला कधी जातो? मंगळवारी! बेरजा मलाही येतात.

माझ्या नवऱ्याच्या, हेक्टरच्या, आईने लग्नाआधी त्याच शेतावर दूधदुभत्याचं काम केलं होतं. मरेपर्यंत सांगायची, मोठ्या घरचं लोणी माझ्या हातचं. त्या घराची ओढ त्याला आईच्या दुधातूनच आली म्हणायची.

सासूबद्दल लिहायला घेतलं तर वही पुरणार नाही. हेक्टर म्हणे सातव्या महिन्यात झाला, आणि वजन असं की सुईण दोन्ही हातांनी उचलून दमली. तिने आणि माझ्या सासऱ्याने, नील मकायने, लग्नाआधीच काय ते उरकलं असणार. कोण नाही उरकत? पण तीच बाई माझ्या लग्नात मला म्हणाली, "मासे कापणाऱ्या पोरींचं काही खरं नसतं." हट्टी तर अशी की पोराचं नावसुद्धा रिवाजाने ठेवलं नाही. पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव द्यायचं, हे साऱ्या गावात चालतं. नीलच्या बापाचं नाव आंगुस. म्हणजे माझा नवरा आंगुस व्हायला हवा होता. पण नाही, बाईसाहेबांना हेक्टर आवडलं. आंगुस हे नाव धाकट्याच्या वाट्याला आलं.

अशा बाईचा मुलगा. आणखी काय होणार?

बुधवार, २० जून

सुचलं. दूध काढताना सुचलं. एवढ्या जोरात हसले की गाईने लाथ मारली.

लग्नात हेक्टरने कमरेला गुंडाळायचा चुण्यांचा किल्टसुद्धा धाकट्या भावाचा मागून घातला होता. तेव्हा मी वचन दिलं होतं, तुझा तुला मी शिवून देईन. पंचवीस वर्षं झाली. लढाईच्या काळात मी इन्व्हर्नेसला फौजेच्या शिवणखात्यात चार वर्षं किल्टच शिवत होते. शेकडो बायकांच्या नवऱ्यांचे शिवले, माझ्या नवऱ्याचा तेवढा राहिला. अजूनही खेळांच्या दिवशी तो सगळ्यांच्या पुढे बॅगपाइप वाजवत चालतो तेव्हा कमरेला आंगुसचा तोच कसर लागलेला किल्ट असतो.

तर आता शिवते. आठ गज कापड, सगळं हाताने. फक्त मकायांच्या हिरव्या-निळ्याचा नाही. मॅक्लाउडांच्या पिवळ्याचा.

पिवळा म्हणजे पिवळाच. वर काळे चौकडे, मधून तांबडी रेघ. धुक्यातसुद्धा लपत नाही. आमच्याकडे माणूस बापाच्या घरचा रंग लावतो, हे पाळण्यातल्या पोरालाही कळतं. दुसऱ्या घरचा रंग कमरेला गुंडाळून आलास की लोक विचारणार, बाबा, त्या घराशी तुझं काय? विचारू देत की! तिथेच मन रमतंय ना तुझं? मग त्यांचाच रंग लाव, आणि सगळ्यांच्या पुढे चाल. जुना किल्ट मी खेळांच्या आधी धुवायला भिजत टाकणार. दुसरं काही घालायला उरणारच नाही.

खेळ १८ ऑगस्टला. कापडासाठी गिरणीला पत्र टाकलं. पत्रात एक शब्द तीनदा खोडला, पण रंग बरोबर लिहिला.

शुक्रवार, २९ जून

पार्सल आलं. फेमी पार्सलच्याही आधी आली.

मी कापड उलगडलं तर ती खुर्चीत बसली. "किर्स्टी, गिरणीवाल्यांनी चूक केली. हे मकायांचं नाही."

"मला माहितीये."

"अगं, हे तर..."

"माहितीये म्हटलं ना."

तिला समजायला थोडा वेळ लागला. मग तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले आणि डोळे असे चमकले जसे मांजराचे माशाच्या टोपलीपुढे. "देवा! सगळ्या गावासमोर? रॉडीसमोर?"

"रॉडीसमोर. मर्डिना पहिल्या रांगेत बसेल, तिच्यासमोर."

"तू फार वाईट बाई आहेस."

"हो. चहा घेणार?"

कुणाला सांगणार नाही म्हणून बायबलवर हात ठेवायला निघाली होती. मी म्हटलं, राहू दे, बायबलची कशाला बदनामी. शिवणार मात्र तिच्याच घरी. तिथे तो कधी जात नाही.

मंगळवार, ३ जुलै

माप तर त्याचंच घ्यायला हवं होतं. जुन्या पँटवरून माप घेणारे शिंपी मी पाहिलेत, त्यांचे किल्ट ढुंगणावर पिशवीसारखे लोंबतात. सूड घ्यायचा तर तो अंगाला नीट बसलेला असावा.

सकाळी, म्हणजे तो दाढी करून निघायच्या आधी, सांगून टाकलं. "ऑगस्टात लग्नाला पंचवीस वर्षं होतील. तुझा किल्ट शिवते. खेळांच्या दिवसापर्यंत बघायचा नाही."

तो उभाच राहिला. "खरंच?"

"मग काय, खोटा शिवतात? सरळ उभा राहा. पोट आत घेऊ नकोस, मला खरं पोट पाहिजे."

कंबर मोजली, नितंब मोजले, कमरेपासून गुडघ्याच्या मध्यापर्यंत लांबी मोजली. जुना आंगुसचा किल्ट त्याच्यावर चढवून टाचण्या लावत होते, कुठे सैल आहे ते बघायला. तोंडात सात टाचण्या.

तो वरून म्हणाला, "किर्स्टी, तुला एक सांगायचं होतं. बरेच दिवस झाले. मर्डिनाच्या घरी मी..."

मी टाचणी टोचली. मुद्दाम.

"आई गं!"

तोंडातल्या टाचण्यांमधून मी म्हटलं, "हलू नकोस." तो हसला. मग हसू पुसलं. खाली माझ्या डोक्याकडे बघत राहिला असेल, मला दिसत नव्हतं, पण कळतं ना. माप झाल्यावर सरळ दाढी करायला गेला.

बरं झालं. आत्ता कबुली दिली असती तर कापड वाया गेलं असतं.

मंगळवार, १० जुलै

मंगळवार आता माझेही झाले. तो तिकडे गेला की मी फेमीच्या स्वयंपाकघरात.

चुण्या घालायच्या दोन तऱ्हा. एक अशी की चुण्या घातल्यावरही मागून सगळा चौकडा अखंड दिसतो, घातल्याच नाहीत जणू. ती सभ्य माणसांची. दुसरी फौजेची: प्रत्येक चुणीवर एकच पट्टा मधोमध आणायचा, मग मागून तोच तोच पट्टा. मी फौजेची घेतली. सत्तावीस चुण्या, सत्तावीस पिवळे पट्टे. तो सगळ्यांच्या पुढे चालतो, म्हणजे मागून चालणाऱ्या साऱ्या गावाला तेवढंच दिसणार.

पहिली चुणी त्याच्या आईच्या नावाने घातली. दुसरी गोठ्याच्या छपराची. तिसरी शिडीची. चौथी आमच्या पहिल्या पोराची. ते गेलं तेव्हा हा तीन आठवडे एक शब्द बोलला नाही आणि मी भिंतीशी बोलत होते. ती उसवून पुन्हा घातली, टाका वाकडा आला होता.

फेमी म्हणाली, "टाके किती बारीक घालतेस! सूड आहे की मखरातला पडदा?"

मी म्हटलं, "लोक जवळ येऊनही बघणार ना."

सोमवार, १६ जुलै

काल रविवार. रविवारी आम्ही सुईला हात लावत नाही. माझी आई सांगायची, रविवारी घातलेला प्रत्येक टाका मेल्यावर नाकाने उसवावा लागतो. माझं नाक आधीच मोठं आहे. सूड सोमवारपर्यंत थांबला. प्रवचन क्षमेवर होतं. रॉडी पुढच्या बाकावर मान डोलावत होता.

शनिवार, २१ जुलै

गोठ्याचं छप्पर नीट केलं त्याने. न सांगता. मी बाजारातून आले तर हा वर, तोंडात खिळे. "बादली काढून टाक," म्हणाला. संध्याकाळी मॅकरेल मासे आणले, स्वतः तळले, ओटची भाकरी जाळली.

मी जेवले. मासे चांगले होते.

मन डळमळलं, खोटं कशाला लिहू? मग आठवलं, माझा बाप दारू पिऊन आला की दुसऱ्या दिवशी आईसाठी सरपण फोडायचा. अपराधी माणसाचे हात चालतात. बारा चुण्या झाल्या.

मंगळवार, २४ जुलै

आज डोळ्यांनी बघितलं.

मेण लावलेला दोरा संपला म्हणून दुकानात निघाले. जुन्या कब्रस्तानावरून जाताना आत दोघं. मर्डिना आणि माझा नवरा. तिच्या हातात बादली, याच्या हातात घासणी, आणि एका जुन्या मॅक्लाउडच्या दगडावरचं शेवाळ काढताहेत. पाय मोकळे करायला जागा तरी बघा! भिंतीआडून मी सगळं बघितलं. मग दोघं मागे सरून दगडाकडे बघत उभे राहिले. दोघांचेही हात पाठीमागे, डाव्या हाताने उजवं मनगट धरलेलं, दोघांचीही मान एकाच बाजूला. पाठमोरे अगदी एकसारखे. नवरा-बायको वर्षानुवर्षं एकत्र राहिले की एकसारखे दिसायला लागतात म्हणतात. आम्ही पंचवीस वर्षांत नाही दिसलो. यांना तीन महिन्यांत जमलं!

ते गेल्यावर दगड वाचला. वाचायला वेळ लागला. हेक्टर मॅक्लाउड, टॉर्क्विलचा बाप. म्हणजे तिला मेलेलाही हेक्टरच लागतो.

आज पाच चुण्या घातल्या. बोटातून रक्त आलं. पिवळ्यावर डाग पडू दिला नाही.

रविवार, ५ ऑगस्ट

चर्चला गेले नाही, डोकं दुखतंय सांगितलं. फेमी चर्चला, तिचं घर उघडं. बसले आणि सुई घेतली. शेवटच्या दोन चुण्या. घातल्या.

नाकाने उसवीन. काय करायचं ते करा.

शनिवार, ११ ऑगस्ट

झाला. आतून घोड्याच्या केसाचं कापड लावलं, कापसाचं अस्तर लावलं, कातडी पट्टे, तीन बकलं, उजव्या काठाला झालर. उचलला तर चांगला जड. फेमीच्या टेबलावर ठेवून दोघी बघत राहिलो.

"किर्स्टी," फेमी म्हणाली, "असा किल्ट मी जन्मात बघितला नाही."

मीसुद्धा नाही. फौजेत असा कधी शिवला नव्हता. वाईट वाटलं ते याचंच, की आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम या कामासाठी झालं.

आता माझ्या घरी आणलाय, धुतलेल्या चादरींखाली.

मंगळवार, १४ ऑगस्ट

क्रमाने लिहिते.

सकाळी आंगुसचा जुना किल्ट टबात भिजत टाकला. हेक्टर जळणाच्या पीटच्या विटा रचायला माळावर गेला. आज तिकडे गेला नाही. मी नवा किल्ट टेबलावर पसरून शेवटची इस्त्री करत होते. दार वाजलं. मर्डिना. डोक्यावर टोपी नाही, डोळे लाल. माझ्या हातात तापलेली इस्त्री.

"फेमीने सांगितलं," ती म्हणाली. "तू आमच्या रंगाचा किल्ट शिवलास."

"शिवला. बघायचाय? ये, बघ."

ती टेबलापाशी गेली. चुण्यांवर तळवा ठेवला आणि रडायला लागली. मला वाटलं, लागला बाण. तोच तिने मला मिठी मारली. इस्त्री हातात! मी हात लांब धरला म्हणून, नाहीतर पाठ भाजली असती तिची.

"तुला कधीपासून माहीत होतं गं? आणि तो वेडा तुला सांगायला घाबरत होता! म्हणे किर्स्टीला कळलं तर ती गाव डोक्यावर घेईल आणि त्याच्या आईचं नाव सगळ्यांच्या तोंडी होईल. आणि तू इथे गुपचूप त्याच्या बापाच्या रंगाचा किल्ट शिवत होतीस!"

त्याच्या बापाच्या.

मी इस्त्री ठेवली. किटली चढवली. आणि जन्मात पहिल्यांदा तोंड बंद ठेवलं. ती बोलत गेली, मी कप पुसत गेले. एकच कप, कितीतरी वेळ.

ईस्टरला तिला बापाचं मोठं बायबल सापडलं. त्यात घरातले जन्म लिहितात ते पान. रॉडी, मर्डिना, आणि त्यांच्याही वर, पेन्सिलीने, टॉर्क्विलच्या हातचं: हेक्टर, ३ नोव्हेंबर १९०८. माझ्या नवऱ्याचा वाढदिवस. रॉडी म्हणाला, पान फाड. मर्डिनाने फाडलं नाही, हेक्टरला बोलावून दाखवलं. मंगळवारी, कारण रॉडी घरी असला की दार उघडू देत नाही. तीन महिने हा तिथे बसून बापाचे फोटो बघत होता. बापाच्या खुर्चीत बसायला दोन महिने लागले, ती म्हणाली. आधी उभाच राहायचा. दाढी करून.

मग पुढचं. हेक्टरच्या आईला दिवस गेले तेव्हा चर्चच्या पंचांनी तिला समोर उभं केलं. नाव सांग म्हणाले. आणि टेबलाच्या मधोमध बसून विचारत कोण होता? टॉर्क्विल. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि नाव सांगितलं नाही. तेव्हा दाराशी उभा असलेला नील मकाय पुढे आला आणि म्हणाला, माझं आहे. त्याआधी त्याने तिचा हातसुद्धा धरला नव्हता.

"आणि आमच्या आजोबांचं नाव तिने ठेवलं," मर्डिना म्हणाली. "रिवाज पाळला तिने. सगळ्या गावासमोर पाळला आणि कुणाला कळलं नाही."

जाताना माझा हात धरून म्हणाली, "शनिवारी घालील ना तो? रॉडीसमोर?"

मी म्हटलं, "बघू."

ती गेल्यावर ही वही पहिल्यापासून वाचली. लोणी, सातवा महिना, नाव, दोघांची पाठ. मीच लिहिलंय. माझ्याच काट्यांनी.

बुधवार, १५ ऑगस्ट

तो काल माळावरून आला तेव्हा किल्ट टेबलावरच होता. मी झाकला नाही. तो दारात थांबला. हात धुतले, पुसले, पुन्हा पुसले. मग एक एक चुणी बोटाने मागे सारून बघितली, पत्ते बघतात तशी.

"कधीपासून माहितीये?"

"बरेच दिवस." थाप. सरळ थाप मारली.

"आणि बोलली नाहीस? तू?"

मी काहीच बोलले नाही. दिवसातून दोनदा गप्प बसले, आजारी पडेन.

तो म्हणाला, "मला घालता येणार नाही, किर्स्टी. मला जत्रेत खांद्यावर बसवून नेलं ते नील मकायने. पाइप शिकवले त्याने. टॉर्क्विलने काय केलं? पेन्सिलीने एक ओळ लिहिली."

"म्हणजे रॉडीला घाबरतोस."

"घाबरतो. पण तेवढंच नाही."

आणि उठून बाहेर गेला. आज सकाळपासून गप्प. आलं ते महिन्याचं मौन!

दुपारी रॉडीचा निरोप आला, पाद्रीबाबांच्या तोंडून. फेमीने तिथवर पोचवलं होतंच. कुणी त्याच्या घराण्याचा रंग मैदानात आणून विटाळला, तर पुढच्या वर्षी पुढे चालायला दुसरा पाइपवाला बघितला जाईल. विटाळला म्हणे! मी म्हटलं, "पाद्रीबाबा, त्याला सांगा, किल्टच्या आत सत्तावीस चुण्या आहेत आणि मला प्रत्येकीचं नाव पाठ आहे." पाद्रीबाबा चहा न घेता गेले.

माझा राग गेला असं कुणी समजू नये. त्याने फक्त पत्ता बदललाय. टॉर्क्विल मेला, सुटला. पण रॉडी मंचावर असेल, बापाच्याच जागी, सलामी घ्यायला. त्याला ते पिवळं छातीसमोरून जाताना बघायला लावायचंय मला. त्या बाईला सगळ्यांसमोर उभं केलं, आता जरा तुम्ही उभे राहा. सासूबाईंचं आणि माझं कधी पटलं नाही. पण ती टेबलासमोर गप्प उभी राहिली, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी तिच्या लोण्याला नावं ठेवली नसती.

आणि दुसरा राग आहेच. मला शेवटी कळलं. माझ्या आधी मर्डिनाला, रॉडीला, बायबलला.

गुरुवार, १६ ऑगस्ट

तो बोलत नाही म्हणून चिठ्ठी लिहिली. ती किल्टला टाचणीने लावून किल्ट त्याच्या खुर्चीवर ठेवलाय. आधी इथे लिहून बघितली, ती अशी:

हेक्टर,

मला माहीत नव्हतं. थाप मारली. मला वाटलं तू मर्डिनाकडे त्या कामासाठी जातोस, आणि सगळ्या गावासमोर तुझं नाक कापावं म्हणून मी हा किल्ट शिवला. एकूण एक चुणी त्यासाठीच घातली. दोन तर रविवारी. त्या दिवशी तू सांगायला लागलास तेव्हा टाचणी मुद्दाम टोचली. हे माझं खरं झालं. मर्डिना मला देवदूत समजते, तिला तू सांग किंवा नको सांगूस.

आता तुझं. दोन गोष्टी विचारते.

एक. शनिवारी तू कोणता घालणार? नील मकायच्या रंगाचा म्हणालास तर मी वाद घालणार नाही. तो माणूस पुढे आला होता, मलाही आता ठाऊक आहे. पण मग गप्प राहून नको, त्याच्यासाठी म्हणून घाल, रॉडीला घाबरून नको. हा घातलास तर मी पहिल्या रांगेत बसेन, मर्डिनाच्या शेजारी, आणि रॉडी काय तोंड करतो ते तुला घरी येऊन करून दाखवीन.

दोन. बायबलचं पान बघितल्यावर त्या संध्याकाळी तू घरी आलास, माझ्यासमोर बसून जेवलास. मला का सांगितलं नाहीस? मी गाव डोक्यावर घेतलं असतं, हे खरं. पण तुझ्या बाजूने घेतलं असतं.

आंगुसचा जुना किल्ट टबात आहे. या हवेत लोकर वाळायला पुरा दिवस लागतो. तो घालायचा असेल तर मला उद्या दुपारपर्यंत बाहेर काढून पिळायला हवा. म्हणून उद्या, शुक्रवारी, दुपारी बारा वाजेपर्यंत दोन्ही उत्तरं पाहिजेत. तोंडाने. चिठ्ठी ठेवू नकोस, मला वाचायला वेळ लागतो.